एक कळ, सगळे काश्यप

नव्वदच्या दशकात आम्हा कुंभकोणमच्या मराठी मंडळींच्या संघानं कॉम्प्युटर घेतला. अध्यक्षांनी शाल पांघरून त्याला कुंकू लावलं, कापूर ओवाळला. चालवायला मात्र मला बोलावलं, कारण बँकेत मी तसलं मशीन रोज पाहायचो. काम होतं लग्नाच्या मुलामुलींची यादी करण्याचं.

गावोगावच्या लोकांनी एकच गोत्र नाना तऱ्हांनी लिहिलं होतं. ‘शोधा आणि बदला’ म्हणून कळ दाबली, तर पापणी लवायच्या आत सगळी कौंडिण्यं एकसारखी! देवळात मला फार शंका येतात. त्या पडद्यासमोर एकही आली नाही.

अध्यक्षांना रिकामे रकाने खुपत होते. “गोत्र ठाऊक नाही त्याचं काश्यप. शास्त्रच आहे. भरून टाका.”

भरले. तेही क्षणात. यादी छापून घरोघर गेली.

आमचं गोत्र खरोखरच काश्यप. धाकट्या बहिणीला पाहायला पट्टीश्वरमचा मुलगा यायचा होता. पत्रिका अजून आल्या नव्हत्या. अप्पांनी यादी वाचली आणि चष्मा काढला.

“सगोत्र आहे. नको म्हणून कळव.”

“अप्पा, तो रकाना रिकामा होता. काश्यप मी घातलं.”

“मग असे भरलेले सगळे पुन्हा रिकामे कर.”

तेच तर जमत नव्हतं. काश्यप शोधून पुसावं, तर आम्हीही पुसले जाणार. खरे कुठले, भरलेले कुठले, हे मशीनला आता सांगता येईना.

“म्हणजे त्यांना गोत्रच ठाऊक नाही,” अप्पा म्हणाले. “तसल्या घरात मुलगी द्यायची?”

स्वयंपाकघरातून बहीण म्हणाली, “येऊ द्या की. त्याला तोंड आहे ना?”

मुलगा काकांबरोबर आला. अप्पांसमोर वाकला, कानांना हात लावले आणि नमस्काराचा मंत्र म्हटला: तीन ऋषी, गोत्र, सूत्र, शाखा, शेवटी स्वतःचं नाव, सगळं एका श्वासात. गोत्र भारद्वाज. किती पिढ्या हे असं तोंडातोंडी आलं असेल, याचा हिशोब मला लागेना.

“मग लिहिलं का नाही?” अप्पांनी काकांना विचारलं.

“नमस्कार करताना सांगायचंच असतं. कागदावर कशाला?”

अप्पा आत वळून म्हणाले, “कॉफी आण गं.”

बहीण तबक घेऊन दाराशी केव्हाची उभी होती.