रावण हरवलेल्या टॉकीजचा मॅनेजर

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या. पुढं चहा नाकात जाईल, आणि कपबश्या माझ्या घरच्या आहेत. शिकला की माणूस शहाणा होतो असं तुम्हाला कोणी सांगितलं असेल, तर त्याला माझ्याकडे पाठवा. मी मॅट्रिक आहे. आमच्या खानदानात पहिला. आणि मूर्खपणातही आमच्या खानदानात अजून माझ्यापुढं कोणी गेलेलं नाही.

तेव्हा महाराष्ट्र होऊन दोन-तीन वर्षं झाली होती. नवं राज्य, नवी उमेद आणि मी नवा बेकार! वडनेर भोलजीला आमची बऱ्यापैकी शेती. वडील रोज म्हणत, "चाल वावरात." मी म्हणे, "मॅट्रिक झालेला माणूस डवरे हाकताना बरा दिसते का?" मला नोकरी पाहिजे होती. खुर्चीवाली.

अशात नांदुऱ्याच्या बाजारात, एका हॉटेलात, मला सेठ भेटले. सेठ म्हणजे टूरिंग टॉकीजचे मालक. गावोगाव तंबू ठोकून सिनेमा दाखवायचा त्यांचा धंदा. त्यांनी मला आधी लांबून पाहिलं. मग जवळ येऊन पाहिलं. मग मागून पाहिलं! बाजारात गोऱ्हा घेताना पाहतात ना, अगदी तसं. पाठीवर एक थाप मारून म्हणाले, "मजबूत आहे."

मला वाटलं, काय पारख आहे माणसाची!

"नोकरी करतं का?" सेठ म्हणाले.

"मी मॅट्रिक आहे जी," मी छाती काढून सांगितलं.

"असू दे, चालते. पळता येते का?"

"हाव! शाळेत पहिला येत होतो."

"आजूबाजूच्या गावाईत नातेवाईक?"

"मामा आहेत वरवट बकालले."

सेठ जरा विचारात पडले. "मारामारीवाले आहेत का?"

"नाई जी. माळकरी आहेत."

"मंग काही हरकत नाही. आजपासून तू आपला मॅनेजर!"

बशीतला चहा गार व्हायच्या आत मी मॅनेजर! आता तुम्हीच सांगा, कुठल्या जगात मॅनेजरला पळता येतं का असं विचारतात? पण मला वाटलं, सिनेमाचा धंदा, धावपळ असणारच. पगाराचं विचारलं तर सेठ म्हणाले, "काम पाहू, मंग पाहू." मला हे फार न्यायाचं वाटलं. मग म्हणाले, "सर्टिफिकेट कुठी आहे? माह्या पेटीत ठेवतो. तंबूत उंदरं आहेत." मी मॅट्रिकचं अस्सल सर्टिफिकेट काढून दिलं. वर आभारही मानले!

नंतर त्यांनी मला मॅनेजरचा कोट दिला. लाल. मैलभरावरून दिसेल असा लाल. एक बाही नव्यानं शिवलेली, गुंड्या चार जातींच्या.

"हा कोणाचा होता?"

"आंधीच्या मॅनेजरचा."

"ते कुठी गेले?"

"लय पुढं गेला थो," सेठ म्हणाले. "थांबलाच नाई."

प्रगती! दुसरं काय वाटणार?

टॉकीजमध्ये मशीन चालवायला बाबूभाई नावाचे ऑपरेटर होते. पिकल्या दाढीचे, कमी बोलणारे. माझा लाल कोट पाहून त्यांनी नुसता सुस्कारा सोडला. मग म्हणाले, "भाऊ, खेळ चालू असला की पायात चप्पल ठेवत नको जाऊ."

"काऊन?"

"उघड्या पायानं बरं पडते."

मला वाटलं, मशीनमध्ये लक्ष्मी असते, म्हणून चप्पल नको. मी त्या दिवसापासून अनवाणी. श्रद्धेनं!

मॅनेजरची कामं म्हणाल तर पहाटे पाणी भरणे, सगळ्यांची खिचडी टाकणे, तंबूचे खुंटे ठोकणे, आणि दिवसभर दमणीत, म्हणजे बैलाच्या छकड्यात, बसून भोंग्यावर ओरडणे. तिकिटाची पेटी मात्र सेठ स्वतः सांभाळत. म्हणत, "पैशापाण्याची कटकट मॅनेजरले कायले?" किती जपत होते मला!

फिरत फिरत आमचा तंबू वरवट बकालला आला. मामाचं गाव! मी लाल कोट घालून आधी मामाच्याच दारात भोंगा वाजवला. मामा ओट्यावर बसले होते. भाचा मॅनेजर झालेला पाहून त्यांचा ऊर असा भरून आला की त्यांनी अर्ध्या गावाला निरोप धाडला, "आपल्या पोट्ट्याची टॉकीज आहे, देवाधर्माचा पिक्चर आहे, सारे चला!"

पिक्चर रामायणातला होता. दिवेलागणीला तंबू गच्च भरला. मामा सगळ्यांत पुढं, बाकड्यावर, डोक्याला नवा पटका. रामलक्ष्मण वनात गेले, तेव्हा बायांच्या बाजूनं हुंदके आले. सोन्याचं हरीण आलं, सीतामाईनं हट्ट धरला. राम धनुष्य घेऊन निघाले. लोक श्वास रोखून बसले. आता तो येणार! आता येणार!

बाबूभाईंनी रीळ बदललं.

आणि पडद्यावर एकदम अयोध्येत दिवाळी! राम सिंहासनावर, शेजारी सीतामाई, वरून फुलं!

 बायांच्या कनातीतून एका म्हातारीचा आवाज आला, "अवं माय! सीतामाई गेली कवा अन् आली कवा?"

"रावण कुठी आहे?" कोणीतरी ओरडलं.

मी धावत मशीनपाशी गेलो. "बाबूभाई, रावण कुठी आहे?"

"थे रीळ पिक्चरच्या कंपनीकडंच राह्यलं," बाबूभाई शांतपणे म्हणाले. "बिनरावणाचा पिक्चर सेठले सस्त्यात भेटते."

"मंग लोकाईले काय सांगाव?"

"त्यासाठीच तं मॅनेजर ठेवला."

सेठ? सेठ तिकिटाच्या पेटीसकट अंतर्धान पावले होते. पुष्पक विमानसुद्धा इतक्या लवकर उडालं नसेल.

दिवे लागले. सगळ्या तंबूत एकच लाल कोट चमकत होता. पुढच्या बाकड्यावरून आवाज आला, "मॅनेजर कोण आहे बे?"

आवाज मामांचा होता!

"मामा, मी आहो."

"भाचा असला म्हून काय झालं? आंधी रावण दाखव!"

आता शहाण्या माणसानं काय केलं असतं? पळाला असता. तीच तर माझी लायकी पाहून नोकरी दिली होती. पण मी मॅनेजर ना! मी बाकड्यावर चढलो आणि म्हणालो, "मंडळी, शांत बसा. राहिलेला पिक्चर मी सांगतो."

आणि सुरू केला! रावण आला, भिक्षा मागितली, सीतामाईला नेलं, जटायू आडवा आला. लोक खरंच ऐकायला लागले हो. म्हातारी डोळे पुसायला लागली. तेवढ्यात माझ्या अंगात कलावंत शिरला. रावण कसा हसला, ते मी करून दाखवलं. दोन्ही हात कमरेवर, छाती फुगवून, गडगडाटी! अंगात लाल कोट!

झालं. लोकांना इतका वेळ रावण पाहिजे होता. मिळाला.

पहिली टप्पल मामांची. घरचं माणूस, मान त्यांचाच. मग बाकडेवाले, मग जमिनीवरचे. उडी मारून पळालो, तर शाळेत पहिला येणारा मी कनातीच्या दोरीत पाय अडकून तोंडावर पडलो. मग जे काही झालं त्यात वानरसेना कोण नि राक्षस कोण, हे मला शेवटपर्यंत कळलं नाही. बाहेर फक्त म्हातारीचा आवाज ऐकू येत होता, "माह्यावाली बी एक मारा रे!"

गर्दी पांगली तेव्हा मामा एकटे उभे होते. माझा सुजलेला चेहरा पाहून त्यांचा राग पार उतरला.

"लय लागलं का रे?"

"नाई मामा," मी म्हणालो. निदान म्हणायचा प्रयत्न केला. जबडा हलत नव्हता.

"किती पगार देते थो सेठ?"

मी कोटाच्या उरलेल्या गुंड्या मोजायला लागलो. मामा काय ते समजले. बाजूचा एक खुंटा उपटला आणि थेट सेठच्या राहुटीत शिरले. सेठ पेटीवर बसून सुपारी कातरत होते.

"पोट्ट्याचा कागद काढ," मामा म्हणाले. आयुष्यात मुंगी न मारलेले माझे माळकरी मामा! सेठनी खुंट्याकडे पाहिलं आणि मुकाट्यानं सर्टिफिकेट काढून दिलं.

"चाल घरी," मामा मला म्हणाले. "उद्या वडनेरले सोडून देतो. वावरात काम कर, इज्जतीनं भाकर खा."

सुटलो होतो मी! कागद हातात, मामा सोबत, मामांची दमणी दारात. इथं किस्सा संपायला पाहिजे होता, खरं की नाही?

तर मागून सेठनी एक मोठा उसासा टाकला. "जाऊ द्या. नशीब त्याचं. म्या तं उद्यापासून त्याले जनरल मॅनेजर करणार होतो."

माझे पाय थांबले.

"काय म्हणाले?"

"जनरल मॅनेजर. आजवर कोणाले केलं नाई. पब्लिकसमोर उभा राह्यला असा पह्यलाच तू."

मामा ओरडून राहिले होते, "अबे, चाल! अबे, मॅट्रिक!" आणि मी? मी स्वतःच्या हातानं, दोन्ही हातांनी, नम्रपणे सर्टिफिकेट सेठच्या हाती परत दिलं. मामांनी खुंटा तिथंच टाकला आणि एकटेच दमणीत जाऊन बसले.

बाहेर बाबूभाई विडी ओढत होते. मी विचारलं, "जनरल मॅनेजर म्हणजे काय काम वाढते हो?"

"पिक्चरचा मार आहेच," बाबूभाई म्हणाले. "आता जनरेटर बंद पडला, तरी बी तूच."

मी मनापासून मान हलवली. जबाबदारी वाढली म्हणजे माणसाची किंमत वाढली! दुसऱ्या दिवशी सकाळी अंगाला हळद, डोक्याला फडकं, एक डोळा मिटलेला, अशा थाटात मामाच्या दारात जाऊन उभा राहिलो आणि साऱ्या गल्लीत पेढे वाटले. काल ज्यांनी ज्यांनी हाणलं होतं, त्यांना आधी दिले.

"कायचे पेढे रे?" मामींनी विचारलं.

"बढती झाली," मी म्हणालो.

मला स्वतःला मात्र एकही खाता आला नाही. तोंडच उघडत नव्हतं.