लष्करी पार्टाला लावलेलं कुंकू

चाकणला माझ्या दाजींचं, म्हणजे धाकट्या बहिणीच्या नवऱ्याचं, छोटं वर्कशॉप आहे. तिथं मी क्वालिटी बघतो. घरी शर्टाची बटणं वरखाली लावणारा मी, तिथं लोकांच्या कामातले केसाएवढे दोष काढतो. बहिणीला याचं अजून हसू येतं.

मध्यंतरी एका मित्रदेशाच्या चिलखती गाडीत बसणारा पोलादी पार्ट करायची संधी आली. सँपल पास झालं तर दाजी दुसरं मशीन घेणार होते. नाही तर आहे तेही अर्धा दिवस बंदच. ते तपासायला तिकडचे साहेब येणार होते. आणि नेमकं तेव्हाच आपलं आणि त्या देशाचं आयातकरावरून बिनसलं. टीव्हीवर रोज तणातणी.

"मेव्हणं, सायेब रागातच येनार बघा," दाजी म्हणाले. "बारीक काय घावलं तरी धरनार."

साहेब आले ते बरोबर खंडेनवमीला. तारीख त्यांनी तिकडून ठरवलेली, बदलायला कोण सांगणार? सकाळी मशीनला झेंडूचे हार घातले, मापाची हत्यारं पाटावर मांडली आणि मी भक्तिभावानं सगळ्यांना हळद-कुंकू लावलं. शेजारी सँपल होतं. त्यालाच का सोडायचं?

साहेबांनी भिंगातून लाल ठिपका पाहिला. "गंज?"

दाजींनी माझ्याकडं असं पाहिलं, की त्या क्षणी दोन देशांचे संबंध आमच्यापेक्षा बरे होते. मी माझ्या इंग्रजीत सांगितलं, "साहेब, हा गंज नाही, देव आहे."

साहेबांनी ठिपका पुसला. खाली पोलाद स्वच्छ. मग मापासाठी हात पुढं केला. पूजेतलं हत्यार त्या दिवशी हलवत नाहीत. दाजी घुटमळले. मग मायक्रोमीटर उचलून कपाळाला लावला आणि साहेबांच्या हातात दिला. "घ्या. देवाला मी समजावतो."

मापं चोख निघाली. तरी त्या ठिपक्याबद्दल फॉर्म भरावा लागलाच : दोष कशामुळे, पुन्हा होऊ नये म्हणून काय कराल? मी लिहिलं, 'कारण : श्रद्धा. उपाय : पुढच्या वर्षी कुंकू फक्त खोक्याला.' साहेबांनी दोनदा वाचलं, हसले आणि सही केली.

संध्याकाळी टीव्हीवर दोन्हीकडचे मंत्री एकमेकांना सुनावतच होते.

"ह्यांनी बी येक फॉर्म भरावा, राव," म्हणत दाजींनी टीव्ही बंद केला आणि मला हाताला धरून शेडमध्ये नेलं. नवं मशीन कुठं बसेल, ते पावलं टाकून मोजत होते.