सातव्या फेरीतला नातू

वॉल्टर हुडाकला दुकानात मोजे घ्यायला पाठवू नये, हे आमच्या पार्मा गावातल्या निम्म्या बायकांना ठाऊक आहे, कारण त्याची बायको बर्नी हे सगळ्यांना सांगत असते. काळे घ्यावेत की पांढरे, या विचारात तो दुकानात उभाच राहतो आणि शेवटी हात हलवत घरी येतो. डॉक्टरने "दुखतंय का?" असं साधं विचारलं तरी तो "म्हणजे, तसं म्हटलं तर..." अशी सुरुवात करतो. लग्नाचंही शेवटी बर्नीनेच विचारलं. वॉल्टने विचारायची वाट बघितली असती तर ती अजून आईकडेच राहिली असती, असं ती म्हणते, आणि वॉल्ट मान डोलावतो.

आणि याच माणसाच्या तोंडाकडे एप्रिलअखेरीस अख्खा स्लोव्हाक क्लब डोळे लावून बसतो!

त्याचं असं आहे की एप्रिल संपता संपता देशभरातल्या धंदेवाईक फुटबॉल टीमा (फुटबॉल म्हणजे आमचा, चेंडू हातात धरून धडका मारायचा) कॉलेजातून बाहेर पडणारी पोरं एकेक करून उचलतात. सात फेऱ्या चालतात, तीन दिवस. गेल्या हंगामात जी टीम तळाला, तिचा हात पहिला. आमची टीम बहुतेक तळालाच असते, त्यामुळे आमच्या लोकांना हा सण मोठा वाटतो. हंगामात हसण्यासारखं दुसरं फारसं काही घडत नाही. क्लबाच्या तळघरात टीव्ही लागतो, क्लबाचं स्वयंपाकघर सांभाळणारी रीटा कांद्यात परतलेल्या पिरोग्यांची, म्हणजे बटाटा भरलेल्या उकडीच्या करंज्यांची, परात आणून ठेवते, आणि आपल्या टीमने पोरगा उचलला रे उचलला की टेबलावरचा प्रत्येक जण त्याला ग्रेड देतो. ए, बी, सी, डी, नाहीतर एफ; ए म्हणजे उत्तम, एफ म्हणजे साफ नापास. पोराने अजून टीमचा शर्ट अंगात घातलेला नसतो, पण इथे त्याचा निकाल लागलेला असतो.

यात एकच गोष्ट बोलायला बंदी आहे. "थांबू या, दोन-तीन वर्षांनी कळेल," असं कुणी म्हणायचं नाही. खरं तर शहाणपणाचं बोलणं तेवढंच आहे, पण ते बोलणाऱ्याच्या डोक्यावर आमच्या हाडवैरी पिट्सबर्गच्या टीमची टोपी चढते आणि संध्याकाळपर्यंत उतरत नाही. आमच्याकडे त्यापेक्षा माणूस उघडा फिरेल.

वॉल्टचा नंबर शेवटचा, आणि त्याची ग्रेड ती क्लबाची ग्रेड. हा मान त्याला कसा मिळाला, ते त्यालाही नीट सांगता येत नाही. पुष्कळ वर्षांपूर्वी टीमने पहिल्याच फेरीत एक देखणा क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकून सगळा खेळ चालवणारा गडी, उचलला होता. तळघर नाचत होतं, रीटाच्या नवऱ्याने अकॉर्डियन काढलं होतं, आणि वॉल्ट म्हणाला, "एफ." का, तर त्या पोराने टीमची टोपी फोटोपुरती घातली, लगेच काढली आणि केस नीट केले. लोकांनी त्याला वेड्यात काढलं. दोन हंगामांत त्या पोराचं पार भजं झालं, आणि वॉल्ट आमचा ज्योतिषी ठरला. ती नुसती बोलाफुलाला गाठ होती की त्याला खरंच काही दिसलं होतं, यावर तो अजून अधूनमधून रात्री छताकडे बघत विचार करतो. त्यानंतर चुकलेल्या त्याच्या ग्रेड कुणी मोजल्या नाहीत. लोकांना ज्योतिषी हवा असतो, हिशेब नको असतो.

अँडी सोल्टिस त्याचा जिवाचा मित्र. जन्मभर पोस्टमन होता, त्यामुळे पार्मातलं प्रत्येक कुत्रं त्याला ओळखतं आणि एकालाही तो आवडत नाही. अँडीची मुलगी इस्पितळात नर्स. तिचा पोरगा ग्रँट आजोबांच्याच घरी वाढला आणि आडनावही आजोबांचंच लावतो. लहानपणी तो वॉल्टच्या मांडीवर बसून वॉल्टच्याच बशीतल्या पिरोग्या संपवायचा. पुढे दाराला अडकेल एवढा झाला आणि दक्षिणेकडच्या एका छोट्या कॉलेजात सेंटर म्हणून खेळायला लागला. म्हणजे वाकून चेंडू दोन पायांतून मागे द्यायचा आणि समोरून धावून येणारे रेडे छातीवर घ्यायचे. वाहवा क्वार्टरबॅकची, आणि मार याला.

गेली चार वर्षं शनिवार आला की अँडीच्या जुन्या व्हॅनमधून दोघं म्हातारे ग्रँटचा खेळ बघायला जात. परत येताना अँडी विचारायचा, "कसा खेळला?"

"छान," वॉल्ट म्हणायचा.

"छान म्हणजे कसा?"

"म्हणजे... भूक लागली का तुला? पुढे थांबू या."

वॉल्टला जे दिसायचं ते बोलवत नव्हतं. चेंडू दिला की पोरगा फार लवकर सरळ उभा राहतो, कंबर खाली ठेवत नाही. कॉलेजात अंगाच्या जोरावर निभावतंय, मोठ्या टीमांत निभावायचं नाही. पण लगेच मांडीवरचं ते गुबगुबीत पोर आठवायचं, आणि आपण खेळाडू बघतोय की ग्रँट बघतोय, हेच त्याला कळेनासं व्हायचं.

यंदा शनिवारी दुपारी सातवी फेरी सुरू झाली. ग्रँट आईबरोबर कॉलेजच्या गावी होता. अँडी तिकडे गेला नाही. तिथे बसून वाट बघवत नाही म्हणाला. इथे येऊन सकाळपासून त्याने एक पिरोगी कापली होती आणि अजून तीच कापत होता. कुणी विषय काढत नव्हतं. कुठलीतरी टीम कदाचित ग्रँटला उचलेल, नाहीतर नाही, एवढंच सगळ्यांना माहीत होतं.

आमच्या टीमचा नंबर आला. टीव्हीवरच्या बाईने कागद उलगडला आणि वाचलं, "सेंटर, ग्रँट सोल्टिस."

आधी कुणालाच उमगलं नाही. मग छपरं घालणारा डोनी खुर्चीवर चढला आणि ओरडला, "अरे, आपला ग्रँट! अँडी, तुझा ग्रँट रे!" मग काय विचारता! रीटाने अँडीचे मुके घेतले, बिअर सांडली, म्हातारे एकमेकांच्या गळ्यात पडले. अँडी खुर्चीतच बसून होता. रडत होता, आणि पुसायचंही त्याला सुचत नव्हतं.

"ग्रेड! ग्रेड!" डोनीने टेबल बडवलं. "मी ए! डोळे झाकून ए!"

"तू नेहमीच डोळे झाकून देतोस," रीटा म्हणाली. "पण माझाही ए."

टेबलाभोवती ए फिरत आला आणि वॉल्टपाशी थांबला. अँडीने आता डोळे पुसले. तो खुर्ची वळवून वॉल्टकडे बघू लागला. बाकीच्यांच्या ग्रेड त्याने ऐकल्याही नव्हत्या.

धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, असं वॉल्टचं झालं. मनात डी होता. डी म्हणावं तर चाळीस वर्षांची मैत्री, आणि तीही पोराच्या आयुष्यातल्या सगळ्यात मोठ्या दिवशी. ए म्हणावं तर खोटं. सी म्हणावं तर ना धड खरं, ना धड खोटं. शिवाय डी तरी नक्की आहे का? टीमच्या एवढ्या शहाण्या लोकांनी उचललाय, म्हणजे आपल्यालाच दिसत नसेल. त्याने भिंतीवरच्या पिट्सबर्गच्या टोपीकडे बघितलं आणि आयुष्यात पहिल्यांदा ती त्याला बरी वाटली.

"बोल की रे," डोनी म्हणाला. "मोजे घेतोयस का?"

सगळे हसले, आणि त्या हसण्यात वॉल्टच्या तोंडून निघून गेलं, "ए."

तळघर पुन्हा गरजलं. अँडीचा चेहरा मात्र उतरला. त्याने काटा बशीत ठेवला, खुर्चीवरचं जाकीट घेतलं आणि जिना चढून गेला. पोराला फोन करायला गेला असेल, असं सगळे म्हणाले. तो परत आलाच नाही.

रविवारी चर्चमध्ये अँडी नेहमीच्या बाकावर न बसता पार पुढे जाऊन बसला. दुपारी वॉल्टने फोन केला, उचलला नाही. वॉल्ट घरात फेऱ्या मारू लागला.

"बर्नी, मी ए प्लस द्यायला हवा होता का?"

बर्नी कपडे घड्या करत होती. "तू त्याला काय काय म्हणालास?"

"ए म्हणालो. एवढंच. सगळेच म्हणाले ए."

"मग सगळ्यांवर चिडलाय का तो?"

"नाही ना! चर्चबाहेर डोनीबरोबर तर हसत बोलला, मी बघितलं. एकट्या माझ्यावरच चिडलाय. मी एवढं खोटं बोललो त्याच्यासाठी, आणि..."

"अच्छा," बर्नी म्हणाली, "खोटं बोललास होय?" आणि तिने मोज्यांची जोडी त्याच्या हातात दिली. "घाल आणि जा त्याच्याकडे. इथे माझं डोकं खाऊ नकोस."

अँडी मागच्या अंगणात गवत कापत होता. वॉल्टला बघून त्याने यंत्र बंद केलं नाही. एक पट्टा पुढे गेला, एक पट्टा मागे आला. वॉल्ट कुंपणाशी उभा राहिला, मग वाट अडवून उभा राहिला. तेव्हा कुठे यंत्र थांबलं.

"पायांची बोटं जातील, बाजूला हो," अँडी म्हणाला.

"काय झालंय तुला? मी ए दिला की!"

"हो. दिलास." अँडीने कपाळ पुसलं. "सातव्या फेरीतल्या पोराला तू आजवर कधी सीच्या वर चढवलंस? एकदा तरी? त्या टेक्सासच्या पोराला काय दिलंस? तो नंतर मोठा स्टार झाला, तरी तू म्हणालास की माझा डी बरोबरच होता."

"पण हा आपला ग्रँट आहे ना."

"हेच! हेच ते!" अँडी एवढ्या जोरात ओरडला की शेजारचं कुत्रं भुंकायला लागलं. "डोनी झाला, रीटा झाली, त्यांचं मी मनावर घेत नाही, ते लग्नात आलेल्या पाहुण्यांसारखे बोलतात. तू काय बोलतोस त्यासाठी मी बसलो होतो. वाटलं, आता वॉल्ट सांगेल. आता माझा नातू खरा खेळाडू झाला, इतरांना सोलतो तसा वॉल्ट त्यालाही सोलेल. आणि तू त्याला ए दिलास. लहान पोराला चॉकलेट द्यावं तसा! मी तिथेच समजलो. हंगामाआधी ऑगस्टमध्ये टीम पोरं छाटते तेव्हा त्याला घरी पाठवणार, असं तुझं मत आहे. आणि ते मला सांगण्याच्या लायकीचा मी तुला वाटत नाही."

प्रेमाने दिलं ते लागलं, हे वॉल्टच्या डोक्यात बसेना. खरं द्यावं तर लागेल, खोटं दिलं तर जास्त लागलं. मग माणसाने द्यायचं तरी काय?

"म्हणजे, तसं म्हटलं तर..."

"वॉल्ट!"

"डी," वॉल्ट म्हणाला.

म्हणून झालं आणि त्याने डोळे मिटले. कुत्रंसुद्धा गप्प झालं. गेली आपली मैत्री, त्याला वाटलं, आणि तीही एका अक्षरापायी.

"का?" अँडी म्हणाला.

"लवकर उभा राहतो. चेंडू दिला की सरळच होतो. कंबर खाली राहत नाही."

"ते घोट्यामुळे! तिसऱ्या वर्षी घोटा मुरगळला होता, विसरलास?"

"दुसऱ्या वर्षीही उभाच राहायचा."

"दुसऱ्या वर्षी? गाढवा, दुसऱ्या वर्षी त्याच्या अंगावर तो केवढा राक्षस होता ते बघितलंस का? त्याला तीनदा पाडला पोराने!"

"दोनदा. तिसऱ्यांदा राक्षसच घसरला."

"घसरला? घसरला म्हणे! डोळे तपासून घे आधी. चल, गॅरेजमध्ये चल, दाखवतो तुला." अँडीने गवताचं यंत्र तिथेच सोडून दिलं आणि वॉल्टचं मनगट पकडून त्याला ओढत नेलं. गॅरेजमध्ये त्याने त्याला भिंतीशी उभं केलं, स्वतः गुडघे धरत धरत वाकला, कळवळला, आणि कंबर कुठे असते ते दाखवू लागला. वॉल्ट म्हणाला, अजून खाली. अँडी म्हणाला, माझी मोडेल. वॉल्ट म्हणाला, तेच तर म्हणतोय मी, त्याचीही मोडेल. अँडीने त्याला शिवी घातली आणि पुन्हा वाकला. किती दिवसांनी तो एवढा खूश दिसत होता.

दिवेलागणीला वॉल्ट घरी आला. अंगाला गवत चिकटलं होतं आणि कोपर सोललं होतं. तो दारातच उभा राहिला.

"काय झालं?" बर्नीने विचारलं.

"काही कळत नाही," वॉल्ट म्हणाला. "मी त्याच्या नातवाला नापास केलं, आणि त्याने मला उद्या जेवायला बोलावलंय."