मिस्तरींनी गंधार सोडला

आमचे मिस्तरी म्हणजे हट्टी माणूस. धुळ्यात त्यांच्यासारखी पेटी सुरात लावणारं कुणी नव्हतं. हे मी बायको म्हणून सांगत नाही हो, पार एरंडोलची भजनी मंडळं पेट्या घेऊन आमच्या दारात यायची. पण सूर केसभर हलवा म्हटलं की यांचं डोकं फिरलंच म्हणून समजा.

त्रेपन्न साली मिशनच्या शाळेतल्या सुनंदाबाई आमच्याकडे आल्या. त्यांचे वडील जीवराम मास्तर तीस वर्षं चर्चमध्ये ऑर्गन वाजवायचे. त्यांना लकवा झाला, वाचा गेली, लेकीलाही ओळखेनात. सोमवारी मुंबईच्या दवाखान्यात न्यायचं होतं, आणि ते परत येतील असं डॉक्टरही छातीठोक सांगेनात.

"लोटनभाऊ, आमच्या नानांचा बाख एकदा त्यांच्या कानावर पडू द्या," बाई म्हणाल्या. ऑर्गन तर वाळवीनं खाल्लेला. पण बाख नावाच्या जर्मन माणसाचं तेच जुनं संगीत मागाहून एका संगीतकारानं पियानोसाठी बसवलं होतं, त्याची वही त्यांनी मागवली होती. साहेब लोकांनी टाकून दिलेला पियानो शाळेत होता, पण साफ बेसूर. रविवारी पाचला शाळेतच प्रार्थना, तेव्हा वाजवायचं.

यांनी जन्मात पियानो उघडला नव्हता. तरी हो म्हणाले! लोहाराकडून तारा पिळायची किल्ली घडवून घेतली. दोन दिवस मी एकेक पट्टी दाबत होते आणि हे तारा पिळत होते. आधी सा धरला, मग पंचम, मग गंधार. गंधार असा लागला की अंगावर काटा आला.

रविवारी दोनला बाई वाजवायला बसल्या. पहिलं पान गोड वाजलं. दुसऱ्या पानावर मात्र पियानो कुत्र्यासारखा विव्हळला. बाईंनी हातच काढून घेतले.

"सूर खरा आहे माझा," हे ताडकन म्हणाले.

"खरा आहे, पण एकाच घराचा. आपल्याकडे सा एकदा धरला की हलत नाही. यात पानापानाला सा घर बदलतो, भाऊ. सगळेच सूर थोडे थोडे हलवावे लागतील. कुठलाच पुरा खरा नको."

यांनी किल्ली पिशवीत टाकली. "बेसूर वाद्य लोटनच्या हातून जायचं नाही."

माझं टाळकंच सरकलं. "तो म्हातारा उद्या चाललाय, आणि तुम्हाला गंधाराची पडलीय? आग लागो त्या गंधाराला!" परक्यांसमोर यांना असं मी कधी बोलले नव्हते.

हे पियानोपाशी परत आले. खाली बसले, किल्ली काढली. बाई पानापानावरचे सूर वाजवून दाखवत, हे तार सैल करत, पुन्हा ओढत. चार वाजता एक गंजकी तार खण्णकन तुटली आणि यांच्या गालावर रक्त आलं. "बठ्ठं वाया गयं!" सगळंच गेलं म्हणून हे अहिराणीत ओरडले. नशीब, त्या पट्टीला आणखी दोन तारा होत्या. बाकं भरायला लागली तरी यांची मान आतच.

पाचला मास्तरांना खुर्चीत बसवून आणलं, गुडघ्यांवर घोंगडी. बाईंची त्यांच्याकडे पाठ होती. पहिलं पान झालं. दुसरं आलं, माझी नखं तळहातात रुतली. विव्हळलं नाही. तिसरंही सुटलं. पण मास्तरांचा चेहरा हलेना. गेलं सगळं फुकट, असं वाटून मला रडूच कोसळलं.

तेवढ्यात यांनी माझं मनगट धरलं. घोंगडीखाली मास्तरांचा उजवा पाय वर-खाली होत होता, तालात. ऑर्गन वाजवताना पायांनी हवा भरावी लागते, मास्तर हवा भरत होते!

हे तसेच रक्ताळल्या गालानं उठले आणि बाईंपाशी जाऊन वाकले. "बाई, थांबू नका. नाना हवा भरताहेत."

बाईंनी मागं वळूनही पाहिलं नाही. शेवटचं पान संपलं तशी त्यांनी वही परत पहिल्यापासून उघडली.