बिनवासाची शिट्टी

आमच्या इमारतीच्या जिन्याखाली एक बाई कुकर दुरुस्त करायची. तिला सगळे शिट्टीमावशी म्हणायचे. खरं नाव विचारलं तर म्हणायची, "कशाला? लग्न जुळवतेस माझं?" तोंड इतकं फटकळ, की लोक रिंग बदलायला यायचे आणि वर कानउघाडणी करून घेऊन जायचे. नवरा गेल्यावर तिने त्याचं टेबल, हत्यारं आणि गिऱ्हाइकं, सगळंच अंगावर घेतलं होतं. कोपऱ्यात खानावळीचा एक भलामोठा कुकर पडून होता. तो दुरुस्तीला टाकून मालक जो गेला, तो परत फिरकलाच नाही.

आमची सगळी इमारत पुठ्ठ्याची खोकी बनवणाऱ्या एकाच कारखान्यावर जगत होती. त्या वर्षी कारखान्याने पाळ्या निम्म्यावर आणल्या. तरी दुपार झाली की मजल्यामजल्यावर शिट्ट्या व्हायच्या. 'जेवलात का?' असं आमच्याकडे कुणी कुणाला विचारत नसे. शिट्टी ऐकू आली की त्या घरचं भागतंय, असं सगळे धरून चालायचे. मीही त्यातलीच.

मग आमच्या कुकरचा सेफ्टी व्हॉल्व्ह उडाला. मी कुकर घेऊन खाली गेले. मावशीने झाकण काढलं, आत नाक घातलं आणि बुडावरून बोट फिरवलं.

"काय लावलं होतं?"

"डाळ-तांदूळ. आई म्हणाली, आच मोठी राहिली."

"मग करपलेलं कुठाय?"

मी वाकून पाहिलं. पाणी पार आटलं की तो व्हॉल्व्ह उडतो, आणि आत तांदूळ असते तर बुडाशी कोळसा झाला असता. आमच्या कुकरचं बूड पांढरंफटक होतं. नुसता पाण्याचा क्षार, थरावर थर.

"घासला असेल आईने," मी म्हणाले.

"असेल," मावशी म्हणाली. "पुढच्या सुट्टीला घरी काही बोलू नकोस. कामावर निघालीस असं दाखव आणि दुपारी इथे ये."

त्या दुपारी आम्ही दोघी दुसऱ्या मजल्याच्या वळणावर उभ्या राहिलो. आमचं दार तिथून दिसत होतं. पहिली शिट्टी खालून आली. मग समोरच्या दारामागून. मग तिसऱ्या मजल्यावरून, घड्याळकाकांच्या खोलीतून. काका एकटेच राहायचे. नजर अधू झाल्यापासून त्यांचं घड्याळदुरुस्तीचं काम सुटलं होतं, पण कुणाच्या घरचा चहासुद्धा घ्यायचे नाहीत. एका शिट्टीला दुसरी उत्तर देत होती. समोरच्या दारामागे ताटं वाजली आणि एक बाई मोठ्याने म्हणाली, "घे ना, अजून थोडं घे."

"वास घे," मावशी कुजबुजली.

मी श्वास ओढला. ओल्या भिंतींचा वास आला, चपलांचा आला. भाताचा नाही, डाळीचा नाही. इतक्या दारांमागे इतके कुकर चढलेले आणि जिन्याला शिजल्याचा वासच नाही. माझ्या अंगावर सरसरून काटा आला. दिवसाढवळ्या, ओळखीच्या जिन्यात, मला वर पाहायची हिंमत होईना.

शेवटची शिट्टी आमच्या घरातून आली, तीही नुसत्या पाण्याची.

रोज सकाळी आई माझा डबा गच्च भरायची. "मी दुपारी गरम गरम खाते," म्हणायची. मला रडू यायला हवं होतं, पण आला तो संताप. मी दाराकडे निघाले, तर मावशीने मनगट धरलं.

"आत्ता पकडलीस, तर उद्या ती शिट्टीबरोबर चार पाकळ्या लसूणही जाळेल. वासाची सोय करेल, खायची नाही करणार."

"मग काय, बघत बसू?"

"मी आहे ना," मावशी म्हणाली.

दुसऱ्या दिवशी मी कामावर रजा टाकली आणि मावशी दारोदार फिरली. "शिट्ट्या द्या, साफ करून देते, फुकट. कुकर फुटून तोंडं भाजली तर माझ्याकडे येऊ नका." भाजायची भीती सगळ्यांनाच. तिने प्रत्येक शिट्टीला वेगळ्या रंगाचा दोरा बांधला आणि सगळ्या एका डब्यात टाकल्या. मग खानावळीचा कुकर घासून पुसून शेगडीवर चढवला आणि जिन्यात ओरडली, "मोठ्या कुकरची चाचणी आहे! ज्याच्याकडे जे असेल ते मूठभर आणा. काही नसेल त्याने पाणी आणा!"

पाणी तर सगळ्यांच्याच घरी होतं. कोण काय घेऊन आलं, हे मावशीने पाहिलंच नाही. मुद्दाम पाठ करून उभी होती.

दुपार झाली. पहिल्यांदाच इमारत मुकी होती. मग मोठ्या कुकरने शिट्टी दिली आणि वाफेचा, शिजल्या डाळीचा वास हळूहळू जिना चढू लागला. एक दार किलकिलं झालं. मग दुसरं. आई पदराखाली ताट घेऊन उतरली, मागोमाग बाकीचे.

"शिट्टी न्यायला आलेय," माझ्याकडे न बघता ती म्हणाली.

"ती वाळतेय अजून," मावशी म्हणाली. "तोवर बस, खाऊन घे."

आईचा पहिला घास तोंडात जातो न जातो, तोच वरून शिट्टी झाली. तिसऱ्या मजल्यावरून.

सगळ्यांचे हात थांबले. मावशीने डबा उघडला. काळ्या दोऱ्याची, घड्याळकाकांची शिट्टी आतच होती. वरून पुन्हा आवाज आला, बारीक आणि लांबलेला.

मावशीने एक ताट वाढून घेतलं. मी तिच्यामागून वर गेले. दाराला कान लावला. आत शिट्टी झाली, मग खोकला, मग धाप, मग पुन्हा शिट्टी. काका तोंडाने वाजवत होते.

मावशीसारख्या बाईचेही डोळे भरले. तिने ते बाहीला पुसले आणि दारावर टकटक केली.

"काका, तुमचा कुकर फार धापा टाकतोय. उघडा, बघू द्या मला."

आतली शिट्टी थांबली. मावशी ताट धरून तशीच उभी राहिली. मग आतून कडी निघाल्याचा आवाज आला.