साइटेशनचा फेटा

आमच्या धंद्यात माणूस किती मोठा, हे दुसऱ्यांनी त्याचं नाव किती वेळा छापलं यावर ठरतं. मी पेशींवर संशोधन करते. यीस्टची पेशी उपाशी राहिली की स्वतःतलाच केरकचरा खाऊन कशी तगते, हा माझा विषय. त्यावरच्या माझ्या शोधनिबंधाचा कुणी आपल्या निबंधात उल्लेख केला, की झालं एक साइटेशन. बढती त्यावर, मान त्यावर आणि खरं सांगायचं तर सकाळचा मूडही त्यावर. चहा उकळेपर्यंत मी फोनवर आपला आकडा बघून घेते. तो कालच्याइतकाच असला, की नवऱ्याने चहा कितीही झकास केलेला असो, मला पाणचट लागतो.

भाचीच्या लग्नाची पत्रिका हातात पडली तेव्हा तर मी चांगलीच भडकले. माझं माहेर इंदुरीचं. पत्रिका काढली होती आबांनी, म्हणजे माझ्या थोरल्या चुलत्यांनी. आमच्या मावळातली पत्रिका म्हणजे नावांची नुसती जत्रा. भावकी, सोयरे, सोसायटीचे चेअरमन, गेल्या निवडणुकीपासून आमच्याशी बोलत नाहीत तेसुद्धा. जावयांच्या रांगेत माझा नवरा होता. मी कुठेच नव्हते. लेकींची नावं छापायची पद्धतच नाही म्हणे.

हळदीच्या दिवशी मी आबांना गाठलंच.

"आबा, परदेशातले लोक माझं नाव छापतात आणि तुम्हाला जागा सापडेना?"

"परदेशात? ते कशापायी?"

मी साइटेशन समजावून सांगितलं. "म्हंजी त्यांची पत्रिकाच की ती!" आबा म्हणाले. जे आमच्या विद्यार्थ्यांना समजायला अख्खं सत्र जातं, ते आबांना उभ्या उभ्या कळलं. मी जोशात येऊन फोनवरची यादीच दाखवली. तिथे आधी आडनाव येतं आणि मग नावाचं फक्त पहिलं अक्षर. आडनाव अर्थात सासरचं. आबांनी फोन लांब धरून वाचलं आणि म्हणाले, "लयच नाव काढलं की पाव्हण्यांनी!"

मला वाटलं, म्हातारा चेष्टा करतोय.

दुसऱ्या दिवशी मंगलाष्टकांच्या आधी रिवाजाप्रमाणे सत्कार सुरू झाले. सरपंच झाले, माजी सरपंच झाले. मग माइकवाला गरजला, "ज्यांचं नाव जगभर छापून येतं, असे थोर शास्त्रज्ञ, आपल्या गावचे जावई!" माझा नवरा नवलाख उंबरे गावातल्या एका कारखान्यात स्टोअर्स सांभाळतो. शास्त्रज्ञ कोण म्हणून तोही मागे वळून बघायला लागला. त्याला धरून स्टेजवर नेलं. शाल, नारळ, वर गुलाबी फेटा. तो केविलवाणा होऊन माझ्याकडे बघत होता. मी बायकांच्या खुर्च्यांत हाताची घडी घालून बसले. हसू येत होतं, पण राग जास्त आला होता. माझी एवढ्या वर्षांची मेहनत त्याच्या डोक्यावर तुरा काढून बसली होती.

पुढच्या रांगेतले एक शेतकरी उठले. "पाव्हणं, मागल्या साली भातावर लय करपा पडलाता. यंदा काय मारू?"

नवऱ्याने माइक घेतला. "त्याचं असं आहे," म्हणाला आणि तिथेच अडकला. मग घाम पुसत म्हणाला, "अहो, मी स्टोअर्सला आहे. शास्त्रज्ञ आमची बायको. ती काय तिकडे बसलीय."

सगळा मांडव माझ्याकडे वळला. आबांनी मला वर बोलावलं. त्यांचा चेहरा पार पडला होता. नवरा घाईघाईने फेटा काढायला लागला, तर आबांनी त्याचा हात धरला. "ऱ्हाऊ द्या. जावयाला दिल्याला मान माघारी घेत न्हाईत."

जास्तीचे फेटे तर संपले होते. आबांनी इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं आणि स्वतःचाच फेटा उचलून माझ्या डोक्यावर ठेवला. आबांना उघड्या डोक्याने मी त्या दिवशी पहिल्यांदा बघितलं. फेटा माझ्या भुवयांवर आला. त्याला खोबरेल तेलाचा वास होता.

"आता हिचं नाव घे," आबा माइकवाल्यावर खेकसले. "समदं घे."

त्याने घेतलं. पहिलं अक्षर नव्हे, अख्खं.

शेतकरी अजून उभेच होते. "ताई, मंग करप्यावर काय मारू?"

मला त्यातलं ओ की ठो कळत नाही. माझा सगळा जन्म यीस्टमध्ये गेला. पण या खेपेला प्रश्न मला विचारला होता. मी फेटा भुवयांवरून वर सारला, माइक घेतला आणि म्हणाले, "त्याचं असं आहे..."