हिरव्या मण्यांची टाकी

“फोडायचं नाही, सोडवायचं.” तात्यांचं हे बोलणं दवाखान्याच्या भिंतींनासुद्धा पाठ झालं होतं. दोऱ्याची गाठ असो, दोघांचं भांडण असो, नाहीतर डबीचं अडकलेलं झाकण. तात्या मान तिरकी करायचे आणि तेवढंच म्हणायचे.

चाळीस वर्षं त्यांनी घड्याळं दुरुस्त केली. दुकान बंद केलं तेव्हा दातांच्या दवाखान्यातल्या खाऱ्या पाण्याच्या टाकीची देखभाल त्यांच्याकडे आली, त्यालाही अकरा वर्षं झाली. टाकी म्हणजे काचेत धरून ठेवलेला समुद्राचा तुकडाच. जांभळट प्रवाळ, केशरी अंगावर पांढरे पट्टे ओढलेले दोन मासे आणि दगडाआडून डोळे वटारणारा एक खेकडा. दाढ काढायला आलेला माणूस त्या माशांकडे बघत बसला, की खुर्चीचा दांडा आवळलेली त्याची बोटं हळूहळू सैल व्हायची.

झाडलोट करणाऱ्या बाईंना सगळे मावशी म्हणत. सकाळी कुलूप उघडलं की त्या आधी टाकीचा दिवा लावत, मग झाडू हातात घेत. घरी बोलायला कुणी उरलं नव्हतं, म्हणून पडलेलं स्वप्न माशांना सांगत.

त्या वर्षी टाकीतल्या दगडांवर शेवाळाचे हिरवे मणी धरले. दिसायला देखणे, काचेसारखे चकचकीत, पण प्रवाळाच्या उरावर बसणारे. तात्या सोमवारी आणि गुरुवारी येत. पंप बंद करून वाकड्या टोकाच्या चिमट्याने एकेक मणी बुडाशी हलवत, अख्खा सोडवत आणि शेजारी धरलेल्या नळीतून बादलीत जाऊ देत. एका मण्याला पाच-पाच मिनिटं. मावशींना त्यांच्या वाकलेल्या कंबरेची दया आली. अलीकडे चिमट्याचं टोक पाण्यात थरथरतं, हेही त्यांनी पाहिलं होतं. मग काय, दवाखाना उघडायच्या आधी त्या स्वतःच कोपरापर्यंत हात घालून अंगठ्याच्या नखाने मणी फोडू लागल्या. टच्, टच्. दहा मिनिटांत वीस! तेवढंच म्हाताऱ्याचं ओझं हलकं.

महिन्याभरात विसाचे दोनशे झाले. मणी फुटला की त्याचं बी पाण्यात उधळतं, हे मावशींना काय ठाऊक?

“तात्या, ही टाकी आहे की वाटाण्याचं शेत?” डॉक्टरबाई एका गुरुवारी म्हणाल्या. “काढूनच टाकू या. इथे चार खुर्च्या बसतील.”

मावशींच्या हातातलं फडकं थांबलं. तात्यांनी टाकीच्या पंपाच्या गाळणीत बोट फिरवलं. बोटाला पातळ, फाटकी सालं लागली. मग त्यांची नजर मावशींच्या बाहीवर गेली. कोपराच्या वर मिठाची पांढरी रेघ वाळलेली होती. मावशींनी हात पाठीमागे घेतला.

“चूक माझी,” तात्या म्हणाले. “हात थरथरतो हल्ली. मणी चिमट्यातच फुटले.”

केसाएवढ्या स्प्रिंगा बसवलेल्या माणसाने हे चारचौघांत सांगावं? मावशींना जमीन दुभंगावी असं झालं.

“महिना देते,” डॉक्टरबाई हळू आवाजात म्हणाल्या. “मग मात्र खुर्च्या.”

त्या आत गेल्या तशा मावशी पुढे आल्या. “तात्या, मी फोडले.”

“ठाऊक आहे.”

“मग खोटं कशाला बोललात?”

“हात थरथरतो हे कुठे खोटं आहे? आणि तू टाकीत हात घातलास हे बाईंना कळलं असतं, तर तुलाच काढलं असतं की. ये इकडे. धान्यातले खडे निवडलेस ना जन्मभर? मग धर हा चिमटा.”

पहिला मणी फुटला. दुसराही फुटला. तिसरा अख्खा नळीत गेला, आणि मावशी लहान मुलीसारख्या हसल्या.

“आणखी एक,” तात्या म्हणाले. “स्वप्न सांगता सांगता तू त्यांना मूठभर खायला घालतेस. उरलेलं कुजतं, त्यावर हे मणी पोसतात. खाणं निम्मं कर.”

“निम्म्या खाण्यावर अख्खं स्वप्न कोण ऐकेल हो?”

“मग स्वप्नंही निम्मी पाहा!”

सोमवार गेले, गुरुवार गेले. तात्या नळी धरत, मावशी चिमटा. महिना भरला तेव्हा डॉक्टरबाई काचेला नाक लावून उभ्या राहिल्या. प्रवाळाच्या टोकांना पुन्हा जांभळा रंग चढला होता.

“आठ-दहा राहिलेत.”

“राहणारच. पण मुळासकट निघतायत,” तात्या म्हणाले.

“मुळासकट काढायचं मला शिकवता?” त्या हसल्या. “राहू दे टाकी. पण तुमचा हात?”

“माझा थरथरतो. हिचा नाही.”

मावशी काही बोलणार, तोवर तात्यांनी चिमटा मऊ कापडाने पुसला आणि त्यांच्या तळहातावर ठेवला. आपली अवजारांची पिशवी तिथेच टाकीखाली राहू दिली. दाराशी ते थांबले. भिंतीवरचं घड्याळ दोन मिनिटं मागे होतं. दर वेळी ते स्टूल ओढून काटा पुढे सरकवत. आज नुसतंच पाहिलं, आणि रिकाम्या हातांनी पायऱ्या उतरून रस्त्याला लागले.

मावशी काचेच्या दारातून बघत राहिल्या. कोपरावरून खारं पाणी ठिबकत होतं. तात्या वळणाआड गेले, तेव्हा मावशींनी हात पुसला आणि घड्याळाखाली स्टूल ओढलं.